पाटी आत घ्या

आज सकाळी चारोटीच्या माझ्या खानावळीच्या दारातून सुक्या बोंबलांचा वास आत आला आणि मला मुंबईतलं एक जेवण आठवलं.

तरुणपणी मी सासूबाईंबरोबर डहाणूजवळच्या आगर गावाहून मुंबईला सुकी मासळी विकायला जायची. डहाणूतला एक हॉटेलवाला आम्हाला चहासुद्धा बाहेरच्या ओट्यावर द्यायचा. "तुमच्या वासानं गिऱ्हाईक उठतं," म्हणायचा. त्याचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

त्या दुपारी मुंबईत भूक आवरेना. एका भरलेल्या हॉटेलच्या पायरीवर मासळीची पाटी टेकवून मी वेटरला दरडावलं, "आम्ही बाहेरच बसतो, थाळीचा भाव कमी लाव."

पिकल्या मिशांचा तो वेटर हसला. "भाव तोच, ताई. पण बाहेर कशाला? पाटी आत घ्या, मांजर टपलंय."

आत त्यानं आम्हाला बसवलं त्या टेबलावर टाय लावलेला एक साहेब जेवत होता. तो जरासा सरकला आणि पुन्हा आमटीत भात कालवू लागला. सासूबाई कुजबुजल्या, "जेव गं, कोणी बघत नाही."

तेव्हा वाटलं, मुंबईच्या हाताला चव आहे. आता कळतं, तिथे वाढण्याआधी कोणी माणूस जोखला नाही, ती चव त्याची होती.

आज दारात तलासरीच्या बाजाराला निघालेली एक बाई पाटी घेऊन घुटमळत होती. "बाहेर बसते, भाव कमी कराल?"

"भाव तोच!" मी ओरडले. "पाटी आत घे, मांजर टपलंय."

तिने इकडेतिकडे पाहिलं. मांजर नव्हतंच. मुंबईतही नव्हतं.