वाढीव चार बोटं

मुलांच्या वाढीवर संशोधन करणारे हैदराबादचे डॉक्टर आमच्या गावच्या शाळेत येऊन गेले. त्यांच्या अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ आहे. एका शाळेला गावातून मिळालेली मापं भरवशाची नव्हती म्हणून ती सोडून दिली, असा तिचा अर्थ. ती मापं मी दिली होती. नाव घातलं नाही हे उपकारच झाले, असं घरचे म्हणतात. मी म्हणते, नाव घालायला हवं होतं, म्हणजे मला हैदराबादेत जाऊन रीतसर भांडता आलं असतं.

मी ओसरीवर एक जुनी शिलाई मशीन टाकून साडीला फॉल लावण्यापासून सुरुवात केली. आज आदिलाबादला बसस्टँडसमोर माझं दुकान आहे आणि तीन शाळांचे डिरेस माझ्याकडून जातात. जून महिन्यात गावातलं प्रत्येक पोर माझ्या दुकानाच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं राहतं. चौकटीवर टेप चिकटवलेली आहे. आधी उंची घ्यायची, बाकी सगळं त्यावरून काढायचं. पण कोणतीही आई पोराच्या आजच्या मापाचा डिरेस घेत नाही.

"वाढत्या अंगाचा द्या, अक्का. दोन वर्सं पुरला पायजे."

"दोन वर्सं पुरवायचा तर पोराले जेवू नका घालू."

अशी बोलाचाली झाली की मी उंचीत थोडी बोटं मिळवते आणि वाढीव आकडाच वहीत लिहिते. वहीतल्या आकड्यावरून कापड कापायचं असतं. पोर आज किती उंच आहे याच्याशी कापडाला काही घेणं नसतं.

डॉक्टर आले तेव्हा माझी मुलगी नऊ वर्षांची, चौथीत होती. शाळेच्या नाटकात ती तीन वर्षं सलग पोपट झाली, कारण शाळेच्या पिंजऱ्यात तेवढी एकच मावत होती. वैशाखात गाव भट्टीसारखं तापायचं आणि ही चादर पांघरून झोपायची. पळायची नाही, भांडायची नाही, उलट उत्तर करायची नाही. शेजारणी म्हणायच्या, काय गुणी पोर आहे. सासूबाईंनी तिच्या उंचीसाठी बासरच्या देवीला नवस बोलला. सरस्वती विद्या देते हे मला माहीत होतं, उंचीचं खातंही तिच्याकडे आहे हे पहिल्यांदा ऐकलं. मालक तहसीलमध्ये कारकून आहेत. त्यांना वाटतं, जगात कुठेतरी अर्जी दिली की सगळं होतं, फक्त कुठे द्यायची ते कळत नाही. मी सगळ्यांना सांगत होते की माझ्या माहेरी सगळे उशिरा वाढतात. हे खोटं होतं. माझे भाऊ चौदाव्या वर्षी दाराला डोकं आपटत होते.

एके दिवशी हेडमास्तर दुकानात आले.

"अक्का, मापाची वही दोन दिवस द्या."

"फुकट?"

"वहीच तर मागून राह्यलो, दुकान नाही."

अर्धा तास घासाघीस झाली. पुढच्या दोन वर्षांचे डिरेस आणि खेळाचे बनियनही माझ्याकडूनच घ्यायचे, असं कबूल करून घेतलं तेव्हा वही दिली. ते गेल्यावर मी स्वतःवर इतकी खूश होते की वही कशाला हवी, हे विचारायचंच राहून गेलं.

आठ दिवसांनी मुलगी दुपारी जेवायला घरी आली आणि वरणभात चिवडत म्हणाली, "आई, शाळेत डॉक्टर आले. बुटक्या पोरांचं रक्त तपासतात, हाडाचा फोटो काढतात, औषध पण देतात. फुकट."

"मग तुझं काय म्हणाले?"

"मले बलावलंच नाही. कोणालेच नाही. यादीत कोणी बुटकं नाही म्हणे. चालले ते आता."

ताट तसंच ठेवून मी शाळेकडे निघाले. चपला वेगवेगळ्या जोडांतल्या होत्या, हे शाळेच्या पायरीवर कळलं.

हेडमास्तरांच्या खोलीत एक डॉक्टरीणबाई चहा पीत होत्या. जीप बाहेर उभी होती, त्यांना पुढे बेज्जूरकडे जायचं होतं. प्रत्येक शाळेने मुलांच्या उंचीची यादी आधी पाठवायची, वयाच्या मानाने जी मुलं खुजी निघतील तेवढीच नीट मोजून तपासायची, अशी त्यांची रीत. आमच्या हेडमास्तरांनी साडेतीनशे पोरं मोजायचा कंटाळा केला आणि माझी वही उतरवून काढली.

बाई स्वतः बेताच्या उंचीच्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "अम्मा, आपके गाँव के पानी में क्या है? यहाँ तीसरी क्लास का बच्चा मेरे बराबर है."

"पानी अच्छा है," मी म्हटलं. आपल्या गावाच्या पाण्याला कोणी बोललेलं मला चालत नाही.

"तो फिर ये नाप ग़लत है."

झालं. माझ्या मापाला वीस वर्षांत कोणी चूक म्हटलं नव्हतं. मी हातातली पिशवी टेबलावर आपटली. माझा डिरेस कुणाच्या काखेत कधी उसवला नाही, कुणाची पँट कधी घोट्याच्या वर चढली नाही, हे सगळं मी हिंदी, मराठी आणि तेलुगू मिसळून ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "कितना बढ़ाकर लिखती हैं?"

"चार बोटं."

"ठीक है. सब में से चार उंगली घटा देते हैं."

"सबका चार नहीं है." धंद्यातली गुप्त गोष्ट होती, पण सांगावी लागली. जे फार भाव पाडतात त्यांच्या पोरांना मी सहा बोटं धरते, म्हणजे ते तीन वर्षं दुकानात फिरकत नाहीत. जे गोड बोलतात त्यांना तीन. मास्तरांच्या पोरांना दोन.

हेडमास्तरांनी कप खाली ठेवला. "माझ्या पोराले?"

"एक."

"एकच? काऊन?"

"तुमी दरवर्षी नवा घेता. मी काऊन माझं नुकसान करून घेऊ?"

डॉक्टरीणबाईंनी पेन बाजूला ठेवलं. "मतलब इसमें बच्चों की लंबाई नहीं, माँ-बाप का स्वभाव लिखा है."

या बोलण्याचा मला अजून राग आहे, कारण ते खरं होतं. पण त्या वेळी मी रागाला आवर घातला आणि म्हटलं, माझ्या मुलीला तपासा. दोन दिवसांसाठी नेलेली वही अजून हेडमास्तरांच्या टेबलावरच होती, त्यांनी तिच्यात मुलीचं पान काढलं. दर जूनला आकडा सहा-सहा सेंटीमीटरने वाढत गेलेला. नियमित वाढणारी, ठणठणीत पोर.

"इसका कितना बढ़ाया?"

तीन जून झाले, ती चौकटीला पाठ लावून उभी राहायची आणि टेप त्याच खुणेवर थांबायची. मी दर वर्षी थोडी जास्त बोटं मिळवायचे. कापड मापाचंच कापायचे, आकडा मात्र चांगला लिहायचे. पुढच्या वर्षी भरून निघेल, असं वाटायचं.

"उसका हिसाब नहीं रखा," मी म्हटलं.

हेडमास्तर कपात बघू लागले. बाई उठल्या. "बुलाइए उसको."

मुलीला अनवाणी, उंची मोजायच्या फळीला उभं केलं. टाचा मागे, नजर समोर. बाईंनी वरची पट्टी डोक्याला टेकवली. "एक सौ ग्यारह."

तोंडाची सवय वाईट. "एकशे अकरा? अहो, निदान पंधरा तरी धरा!"

हेडमास्तर मागून ओरडले, "अक्का, येथं कमी असंल तरच घेतात!"

"मग दहा धरा! नऊ धरा!"

बाईंनी पट्टी वर केली, पुन्हा टेकवली. एकशे अकरा. पुन्हा वर केली. एकशे अकरा. बाजारात तिसऱ्यांदा विचारल्यावर कोणाचाही भाव थोडा हलतो. ही बाई ना वर गेली ना खाली आली. असं माणूस मी आधी पाहिलं नव्हतं, आणि अशा माणसाशी कसं बोलायचं ते मला अजूनही जमत नाही.

त्या दिवशी जीप बेज्जूरला गेली नाही. साडेतीनशे पोरं संध्याकाळपर्यंत मोजली. रांग मी लावली, आणि रांगेतली एकेक आई माझ्याकडे अशी बघत होती की तिच्या पोराला किती बोटं लावली होती हे तिला कळलंय, असं मला वाटत राहिलं.

मुलीचं रक्त घेतलं, जिल्ह्याच्या दवाखान्यात डाव्या हाताचा एक्स-रे काढला. पुढच्या आठवड्यात आम्हाला बोलावलं. बाई म्हणाल्या, हाडं सहा वर्षांच्या मुलीएवढी आहेत.

"नऊ!" मालक म्हणाले आणि पिशवीतून जन्माचा दाखला काढला. तीन साक्षांकित प्रतीही आणल्या होत्या.

बाईंनी प्रती नीट घडी करून परत दिल्या. मग सांगितलं, गळ्यात थायरॉईड नावाची ग्रंथी असते, हिची आळसावली आहे. म्हणून थंडी वाजते, म्हणून ही गप्प बसते, म्हणून वाढ थांबली. औषध आहे. आणि हाडं मागे आहेत हे एका अर्थी बरंच आहे, वाढायला जागा शिल्लक आहे.

शिल्लक म्हटल्यावर मला धीर आला. रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी, मग अर्धा तास काही खायचं नाही.

"दो देंगे तो डबल बढ़ेगी?" मी विचारलं.

"दो देंगे तो दिल धड़धड़ करेगा. एक."

"अच्छा, डेढ़?"

मालकांनी मला दंडाला धरून बाहेर नेलं.

दोन महिन्यांत ती गुणी पोर गेली. चादर फेकून देऊ लागली. सासूबाईंना उलट बोलू लागली. नवस फेडायला त्या तिला बासरला घेऊन गेल्या, तर नदीच्या घाटावर पळत सुटली आणि सापडायला तासभर लागला. शेजारणी म्हणाल्या, औषधाने पोर बिघडली. मी त्यांच्याशीही भांडले, पण मजेत.

सहा महिन्यांनी पुन्हा मापायला दवाखान्यात नेलं. दुकानात मी तिला चौकटीला लावलं नव्हतं. सहा महिने तिच्यासाठी टेपकडे बघितलंही नव्हतं, बघितलं की उगाच काही मिळवायची इच्छा व्हायची. खोलीत शिरताना मी दारातच थांबले. ती मात्र स्वतःच चपला काढून फळीला उभी राहिली. टाचा मागे, नजर समोर.

बाईंनी पट्टी टेकवली, वाकून बघितलं, पुन्हा टेकवली.

"एक सौ सोलह."

मी तोंड उघडलं.

मुलीने फळीवरून मान न हलवता माझ्याकडे तिरकं बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, जल्दी लिखो. आई बोलने के पहले."