बाथरूमच्या खिडकीवरचं पोळं

बाथरूममधला पाण्याचा आवाज थांबत नव्हता, म्हणून मला फवारणी सुरू करता येत नव्हती.

मी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभा होतो. अंगात जाड पांढरा सूट, डोक्यावर जाळीची टोपी, हातात पंप. डोक्याच्या वर दोन हातांवर, छज्ज्याच्या पोटाला, गांधीलमाश्यांचं पोळं लटकत होतं. फुटबॉलपेक्षा मोठंच. पोळ्याच्या बरोबर खाली बाथरूमची छोटी खिडकी. दिवस मावळत आला होता आणि शेवटच्या माश्या घरी परतत होत्या. आमच्या कामाला हीच वेळ लागते. सगळ्या माश्या आत आल्या पाहिजेत, पण आपल्याला अजून दिसत असलं पाहिजे. असा वेळ मिळतो फार तर वीस मिनिटं. त्यातली दहा गेली होती.

खाली शिडी धरून रघुनाथदादा उभे होते. आमचे सगळ्यात जुने टेक्निशियन, जासईचे.

"सायब, ती बाय कवा येल बाहेर?"

"येईल हो. पाच मिनिटं म्हणाल्या."

"आमची बायको लग्नाला जाताना पन एवढा वेल नाय लावत."

मी हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

माझ्याबद्दल थोडं सांगतो. मी घरत, पनवेलच्या एका पेस्ट कंट्रोल कंपनीत सुपरवायझर होतो. वडील उरणकडच्या मिठागरात कामाला होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बी.एस्सी., विषय केमिस्ट्री. "बी.एस्सी. करून माश्या मारतो," असं गावातले लोक म्हणायचे. म्हणू देत. घरात, मुलाबाळांजवळ विष कसं वापरायचं हे शिकलेल्या माणसानंच ठरवावं, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

ही गोष्ट २००९-१० च्या सुमाराची, हिवाळ्यातली. पनवेलजवळच्या विचुंब्यात तेव्हा नवीन रो-हाउस होत होती. त्यातल्या एका घरातून आदल्या दिवशी फोन आला. निमकर काका, बँकेतून रिटायर झालेले. आवाज घाबरलेला होता, पण माहिती व्यवस्थित सांगत होते. पोळं कुठं, केवढं, कधीपासून. माश्या बाथरूमच्या खिडकीतून आत येतात. एक पॅसेजमध्ये सापडली. सुनेला सातवा महिना. मुलगा कामानिमित्त बाहेरगावी.

"तिला एखादी चावली तर काय होईल हो?"

प्रश्न खरा होता. मधमाशी एकदा डंख मारते आणि मरते. गांधीलमाशी तसं करत नाही, ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. काहींना त्याची जबरदस्त रिअॅक्शन येते. मी नेहमीच्या सूचना दिल्या. दगड मारू नका, धूर करू नका, रॉकेल टाकू नका. आणि शेवटी म्हणालो, "उद्या संध्याकाळी आम्ही येईपर्यंत ती खिडकी पॅक करून टाका. एक फट ठेवू नका."

दिवसातून चार जणांना मी हे सांगायचो. तोंडात बसलेलं वाक्य होतं.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला आम्ही पोचलो. निमकर काकांनी मला मागच्या अंगणात नेलं आणि बाहेरूनच खिडकी दाखवली. काचेच्या पट्ट्यांमागे पांढरा थर्माकोल दिसत होता, कडेनं ब्राऊन टेप.

"तुम्ही सांगितलंत तसं केलंय. पट्टी लावून कापलाय थर्माकोल. दाराखालच्या फटीलाही जुनं पातळ दुमडून लावायला सांगितलंय. रात्रीपासून एक माशी आत नाही."

"व्वा काका, सगळे क्लायंट असे पाहिजेत," मी म्हणालो.

आमचा नियम असा, की फवारणीच्या वेळी सगळ्यांनी पुढच्या खोलीत बसायचं. निमकर काकू म्हणाल्या, "अदितीला फक्त पाच मिनिटं द्या. आत्ताच कामावरून आलीय. सकाळपासून डोकं धरलंय तिनं. कढत पाण्यानं अंग शेकलं की बरं वाटेल. माझंही डोकं जडच आहे आज. या माश्यांचं टेन्शन, दुसरं काय!"

मी मान डोलावली आणि सूट चढवायला लागलो.

आता पुन्हा शिडीवर येतो.

पाणी चालूच होतं. खाली भिंतीला टेकून गॅसचं सिलिंडर होतं. आमच्या औषधाला पेट्रोलसारखा वास येतो आणि ते पेट घेऊ शकतं. म्हणून मी म्हणालो, "दादा, तोपर्यंत ते सिलिंडर जरा बाजूला करा."

दादांनी वाकून पाहिलं. "नाय हालत, सायब. नली भिंतीत गेलेय."

"स्वयंपाकघरात गेली असेल."

"सैपाकघर तर त्या बाजूला हाय. ही नली तं न्हानीत गेलेय."

  पंपाची दांडी हातातून सुटली, एवढं मला आठवतंय.

बाथरूममध्ये गॅस गिझर होता. गॅस नीट जळायला भरपूर हवा लागते. हवा कमी पडली की तो अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, खोकलासुद्धा येत नाही. तो रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो. माणसाचं डोकं दुखतं, मग पाय गळतात, मग ओरडायचीही ताकद राहत नाही. एफ.वाय.ला मी यावर पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं आणि पाचही मिळाले होते. आदल्या दिवशी फोनवर त्यातलं एक अक्षर मला आठवलं नव्हतं.

"दादा, सिलिंडर बंद करा! आत्ता!"

पहिला विचार आला, खिडकी फोडावी. हात पोचत होता. पण पोळं तिथेच वर होतं. काच फुटली असती तर शेकडो माश्या उठल्या असत्या आणि थर्माकोल पडला की सरळ आत गेल्या असत्या. आत ती बाई, बेशुद्ध असेल तर हलणारही नाही. मी शिडीवरून उडी मारली आणि घरात धावलो.

"काकू, आवाज द्या तिला!"

"अदिती! अगं अदिती!" काकूंनी दार वाजवलं. आतून फक्त पाणी.

मी म्हणालो, "दार तोडावं लागेल."

निमकर काका दारासमोर आडवे उभे राहिले. "अहो, आंघोळ करतेय ती. तुम्ही असं कसं... शॉवरच्या आवाजात ऐकू येत नसेल."

"काका, आत विषारी वायू आहे. गिझरचा."

"पण गॅसचा वास तर येत नाहीये."

"याला वास नसतो!"

ते तरी हलेनात. वाईट माणूस नव्हे. सुनेची आंघोळ आणि एक परका पुरुष, एवढंच त्यांना दिसत होतं. काकूंनी मात्र पलंगावरची चादर ओढली आणि नवऱ्याला बाजूला ढकललं. "सरका हो तुम्ही! तोडा, मी आधी आत जाते."

प्लास्टिकचं दार होतं. दुसऱ्या लाथेला कडी निघाली. मी पाठ फिरवली. काकू श्वास रोखून आत गेल्या, सांगितलं होतं तसं. मग त्यांची हाक आली, "धरा हिला, मला एकटीला नाही उचलत!"

चादरीत गुंडाळलेल्या अदितीला आम्ही तिघांनी पुढच्या खोलीत आणलं. दारं-खिडक्या सताड उघडल्या. श्वास चालू होता, पण डोळे उघडत नव्हते. काका एकच वाक्य परत परत म्हणत होते, "बाळ, बाळ कसं आहे?" मला काय माहीत!

अॅम्ब्युलन्सची वाट बघण्यात अर्थ नव्हता. आमची व्हॅन दारात होती, पण तिच्यात औषधाचे डबे होते. दादांनी ते सगळे खाली उतरवले आणि काचा उघडल्या. "तुमी जा. आमी थांबतो हितं. डबे टाकून नाय चालनार."

हॉस्पिटलमध्ये वेगळंच संकट उभं राहिलं, आणि ते माझ्या कपड्यांमुळे. मी पांढऱ्या सूटमध्येच होतो. पाठीवर कंपनीचं नाव, खाली मोठ्या अक्षरांत 'पेस्ट कंट्रोल'. ड्यूटीवरच्या डॉक्टर मॅडमनी आधी मला पाहिलं, मग पेशंटला.

"कुठलं औषध मारलंत? डबा आणलाय का?"

"मॅडम, फवारणी झालेलीच नाही."

"घाबरू नका, खरं सांगा. नाव कळलं तर ट्रीटमेंट बरोबर देता येईल. सिस्टर, कपडे काढून आधी पूर्ण वॉश द्या."

त्यांचं चुकत नव्हतं. त्यांच्या जागी मीही तेच धरून चाललो असतो. पण प्रत्येक मिनिट चुकीच्या दिशेनं जात होतं. मी शक्य तितक्या शांतपणे बोललो. "पंप जसा भरला तसा भरलेला आहे. ही सूनबाई बंद बाथरूममध्ये होती. गॅस गिझर चालू, खिडकी थर्माकोलनं बंद, दाराखालची फटही बंद. वीस मिनिटं तरी आत होती. सकाळीही आंघोळीनंतर डोकं दुखत होतं. सासूबाईंचंसुद्धा. कार्बन मोनॉक्साइड आहे, मॅडम."

त्यांनी मान वर केली. "तुम्ही कोण?"

"बी.एस्सी. केमिस्ट्री," मी म्हणालो. हे उत्तर त्या प्रश्नाचं नव्हतं, पण तेच तोंडातून आलं.

"सिस्टर, मास्क. ऑक्सिजन फुल. आणि रक्त पाठवा." मग पेशंटवर वाकूनच त्यांनी विचारलं, "खिडकी अशी बंद कुणी केली?"

निमकर काकांनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी मी म्हणालो, "मी सांगितलं होतं. फोनवर."

अर्ध्या तासानं अदितीनं डोळे उघडले. आधी तिला उलटी झाली. मग तिनं पोटावर हात ठेवला आणि सासूकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, बाळाचे ठोके लागतायत. पण हा वायू आईच्या रक्तातून जेवढ्या लवकर निघतो, तेवढ्या लवकर बाळाच्या रक्तातून निघत नाही. म्हणून ऑक्सिजन बराच वेळ द्यायचा. पुढचं आत्ताच सांगता येणार नाही, लक्ष ठेवावं लागेल.

बाहेर बाकावर मी आणि काका बसलो. ते मला शिव्या देतील असं वाटत होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण ते म्हणाले, "थर्माकोल मी कापला. गिझर मी बसवून घेतला. मला कळायला नको?"

"कळायला मला हवं होतं, काका."

काकू समोर येऊन उभ्या राहिल्या. "आता दोघं मिळून अपराध वाटून घेणार का? तिला बरं वाटतंय. जा, कुणीतरी चहा आणा. आणि घरी गेल्यावर गॅसवरचा चहा आज कुणी मागू नका."

तेवढ्यात मोबाइल वाजला. शेठ. आमच्या कंपनीचे मालक.

"घरत, जॉब झाला का? दादा काहीतरी हॉस्पिटलचं सांगतोय."

मी सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "हे बघ, जॉब कार्डवर लिही, ग्राहकानं स्वतःच खिडकी बंद केली. ते खोटं नाही ना?"

"खोटं नाही. पण अर्धं आहे."

"उद्या त्यांनी केस केली तर? तुला नोकरी करायचीय ना?"

"करायचीय, शेठ."

जॉब कार्ड म्हणजे प्रत्येक कामाचा कागद. काय दिसलं, काय केलं, ग्राहकाची सही. मी त्यावर लिहिलं, 'आमच्या फोनवरील सूचनेप्रमाणे ग्राहकाने खिडकी बंद केली. आत गॅस गिझर आहे का, हे आम्ही विचारले नाही.' सही केली आणि शेठच्या टेबलावर ठेवलं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि ते कार्ड मोठ्यानं वाचून दाखवलं. स्वतःहून. कुणाचं नाव न घेता.

पोळं आम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काढलं. घर रिकामं होतं. काम बारा मिनिटांत झालं. एकही माशी कुणाला चावली नाही. दादा पोळं पोत्यात भरत म्हणाले, "येवढ्याशा कामाला केवढा घोर लावला."

घोर संपला नव्हता. पुढचे दोन महिने मी दर सोमवारी निमकरांकडे फोन करायचो. "काका, माश्या परत नाही ना आल्या?" पहिल्या वेळी काकांनी खरंच जाऊन छज्जा बघितला. दुसऱ्या वेळेपासून ते माझा प्रश्न ऐकायचे आणि म्हणायचे, "नाहीत. आणि बाळ हलतंय." मी थँक्यू म्हणून फोन ठेवायचो. एका सोमवारी फोन कुणी उचललाच नाही. त्या दिवशी मी तीन साइट केल्या आणि एकीवर औषधाचं माप चुकता चुकता राहिलं. मंगळवारी दुपारी काकूंचा फोन आला. मुलगी झाली होती. पावणेतीन किलो. डॉक्टरांनी दोनदा तपासलं होतं, काही कमी नव्हतं.

मी ऑफिसमागच्या नळावर जाऊन तोंड धुतलं.

आमच्या धंद्यात फवारणीआधी माप घेतात, औषधाची तारीख बघतात, मास्क बघतात. फोनवरच्या सल्ल्याचं माप कुणी घेत नाही, कारण तो फुकट असतो. फुकटच्या गोष्टीनंही माणूस मरू शकतो, हे मला पदवीच्या पुस्तकात सापडलं नाही. त्यानंतर नोकरीत असेपर्यंत मी एक केलं. पोळं अंगणात असो की गच्चीवर, ते बघायच्या आधी घरात जाऊन आत काय काय पेटतं ते बघायचो. लोकांना वाटायचं, साहेब माशीला घाबरतात.