काचेमागचं लेकरू

आधीच सांगते, चौकात कुणी उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं की मी मुद्दाम त्यावरून स्कूटी घालते. माझ्या सासूबाई त्यासाठी माझ्या नावानं बोटं मोडतात. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव तर मी दुपारच्या चहाबरोबर करमणूक म्हणून वाचत आलेय. आता माझं वाचून कुणी हसलं तर खुशाल हसा... मला बोलून मोकळं व्हायचंय.

छत्रपती संभाजीनगरात एका लहान संग्रहालयात मी काम करते. नाव विचारू नका, नोकरी करायचीय अजून! शहागंजच्या गजबजाटापासून फार लांब नाही, पण आत आलं की पंख्याची घरघरसुद्धा ऐकू येते. पुढच्या दालनांत नाणी, तलवारी, आणि अगदी शेवटच्या दालनात उत्खननातल्या वस्तू. तिथंच ते बाळ होतं.

गोदाकाठच्या एका वस्तीत सापडलेलं, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं, वर्षाच्या आतलं. त्या लोकांची रीत अशी, की तान्हं मूल गेलं तर त्याला लांब न्यायचं नाही. दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवायची, बाळ आत, आणि राहत्या घराच्या जमिनीतच पुरायचं. त्यावर संसार चालूच... चूल पेटतेय, भांडणं होतायत, कुणी हसतंय. आता ती वस्ती धरणाच्या पाण्याखाली आहे.

आमच्याकडे ते इतकी वर्षं मडक्यांतच, कोठीत पडून होतं. नवीन मांडणी ठरली तेव्हा आमचे प्रमुख, सर, म्हणाले, "मॅडम, बाळ बाहेर काढा. खापरं बघायला कोण येतंय? पब्लिकला सांगाडा पाहिजे." मग मीच हातमोजे घालून मडकी दोन बाजूंना केली आणि मधे पांढऱ्या वाळूवर बाळ उताणं मांडलं. वर दिवा, पुढे काच. मला काहीसुद्धा वाटलं नाही. हाडं म्हणजे शेवटी कॅल्शियम, असं मीच सगळ्यांना ऐकवायचे.

त्याच आठवड्यात एका शाळेच्या सहलीला माहिती देत काचेपाशी उभी होते. बोलता बोलता छातीत ती ओळखीची कळ आली. ज्या बायांनी पाजलंय त्यांना कळेल मी काय म्हणतेय. खाली बघते तर कुर्ता ओला.

मला पान्हा फुटला होता. माझी मुलगी तेव्हा बारावीला होती हो!

ओढणी लपेटून बाथरूम गाठलं. त्यानंतर जेव्हा जेव्हा त्या काचेपाशी गेले, तेव्हा तेच. नाण्यांच्या दालनात नाही, घरी नाही, फक्त तिथंच. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. सगळं नॉर्मल. "टेन्शन घेऊ नका," म्हणाल्या. मी कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. काय सांगणार, कप्पाळ?

पुढे सासूबाई फर्दापूरहून डोळे दाखवायला आल्या. सत्तरी ओलांडलेली बाई. दवाखान्यातून परत येताना मला कामावर डोकवायचं होतं, म्हणून त्यांना शेवटच्या दालनातल्या बाकावर बसवलं. डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे त्यांना सगळं धुरकट दिसत होतं. समोर काय आहे ते मी मुद्दामच सांगितलं नाही. उगाच शिवाशीव काढून बसतील!

परत आले तर पदर छातीशी घट्ट धरून बसलेल्या. तोंड पांढरंफटक.

"वैशू, हितं कुनाचं लेकरू हाय गं?"

"कुणाचं नाही, आई. का हो?"

"खोटं नको बोलू. लई उपाशी हाय ते." आणि त्यांनी पदर जरा बाजूला केला. चोळी ओली होती... दोन्हीकडं.

माझी पाचावर धारण बसली. तिथंच त्यांच्याशेजारी बसून सगळं सांगितलं, माझंही. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "असं उघड्यावर ठुलंय, तर त्याच्या मायला इचारलं व्हतं का?"

"आई, तीन हजार वर्षं झाली तिला जाऊन."

"मंग इचारलं नाय, असं म्हन की."

दुसऱ्या दिवशी सरांशी कडाक्याचं वाजलं. पान्ह्याचं अर्थातच बोलले नाही. म्हटलं, आपल्या घरातलं बाळ आपण असं मांडू का? सरांचंही अगदीच चूक नव्हतं. "परत पुरायचं कुठं, मॅडम? धरणात? उद्या अभ्यासाला लागलं तर?" पण मी हटून बसले. शेवटी ठरलं, की काचेमागे फोटो लावायचा आणि बाळ परत मडक्यांत. कोठीत मात्र नाही, आम्ही सगळे डबे खातो त्या खोलीतल्या कपाटात. "डोकं फिरलंय तुमचं," सर म्हणाले, पण किल्ली दिली.

नियमाप्रमाणे आत खास कागद घालायचा असतो. मी सासूबाईंनी दिलेलं जुनं मऊ लुगडं घातलं. मडकी तोंडाला तोंड लावून ठेवली, कपाट लावलं. ते सगळं थांबलं. आम्ही तिथं जेवतो, भांडतो, एकमेकींच्या डब्यातली भाजी पळवतो. मला वाटलं, संपलं.

आता ते सर निवृत्त झालेत. नवीन सर आलेत, नवीन इमारत होतेय. गेल्या आठवड्यात बैठक होती. नकाशा काढणारी आर्किटेक्ट मुलगी माझ्या शेजारी बसलेली, पहिल्यांदाच इकडे आलेली, लग्न व्हायचंय अजून तिचं. सरांनी पडद्यावर मधल्या दालनावर बोट ठेवलं. "इथं बाळ. मडकी उघडायची, मोठी काच, खालून लाइट."

मला कळ आली... तीच.

ओढणी सारखी करत बाजूला पाहिलं, तर त्या मुलीनं हातातली फाइल छातीशी गच्च आवळून धरली होती. तिला त्या बाळाबद्दल कुणी काही बोललं नव्हतं, तिनं ते पाहिलंही नव्हतं.

"सर, मडकी उघडायची नाहीत," मी म्हणाले.

"नको ना, सर," तिचाही आवाज आला.

सर आम्हा दोघींकडे बघत राहिले. "ठीक आहे. कारण सांगा."

फाइलीच्या कडेखाली तिचा कुर्ता भिजत चालला होता.