घुबडाचा डावा डोळा

सासूबाईंनी त्या कॉम्प्युटरचं नाव ‘जावई’ ठेवलं होतं. मागच्या खोलीतला एकुलता एक पंखा त्याच्या तोंडावर. धूळ बसू नये म्हणून त्याला मापानं शिवलेला, कडेला झालर लावलेला अभ्रा. त्याच्या आसपास चहाचा कप न्यायचा नाही, दार धाडकन लावायचं नाही, आणि एवढं करूनही स्वारी कधी रुसेल याचा नेम नाही. “पोटच्या पोरांचे केले नाहीत एवढे लाड,” असं सासूबाई म्हणत, पण म्हणताना आवाज हळू ठेवत. जावयाच्या कानावर गेलं तर काय घ्या.

या जावयाची मर्जी राखणारी घरात एकटीच, थोरली सून.

शाळेच्या गणवेशावर लावायचे बिल्ले भरून देण्याचा त्यांचा घरगुती धंदा. एक भरतकामाचं मशीन, त्याला केबलनं जोडलेला हा कॉम्प्युटर आणि कापड कापायचं लांब टेबल एवढाच त्या खोलीतला संसार. थोरली लग्न होऊन आली त्याच सुमारास कॉम्प्युटरही आला. विकणाऱ्या कंपनीचा माणूस शिकवायला आला तेव्हा त्याच्यासमोर बसायला कुणी धजेना. नवी सून कॉलेजात शिकलेली, म्हणून तिला पुढे ढकललं. ती बसली ती बसलीच. बाकीच्या जगात कॉम्प्युटरवर रंगीत चित्रं आली, माऊस आले, बोटानं सरकवायचे पडदे आले. इथे मात्र काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं उमटायची आणि काय हवं ते टाइप करून सांगावं लागायचं. आतली बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे रोज सकाळी जावयानं डोळे उघडले की तो आधी विचारायचा, आज तारीख काय. थोरली सांगायची. मगच त्याचा दिवस सुरू व्हायचा.

त्यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे उघड्या पुस्तकावर बसलेल्या घुबडाचा बिल्ला लावणारी शाळा. घुबडाचं डिझाइन मागवलं की स्क्रीनवर ते एकेका टाक्यानं उमटत जायचं, आणि तसतसा एकेक टाका केबलमधून मशीनकडे पोचायचा. आधी पुस्तक, मग पंजे, मग पंख, चोच, उजवा डोळा आणि शेवटी डावा. तेवढ्या वेळात थोरली मशीनला निळा धागा ओवून घ्यायची. रीळ दांडीवर, धागा कड्यांतून खाली, टोक ओठांत धरून ओलं करायचं आणि सुईत. धागा सुईतून पलीकडे आला की मान न वळवता तिला माहीत असायचं, डावा डोळा आत्ता पुरा झाला. मग बटण दाबायचं. वर्षानुवर्षं त्यात कधी चूक झाली नव्हती.

धाकटी सून आली ती ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करून आलेली. आल्या आल्याच म्हणाली, “ताई, मलाही शिकवा ना हे. असलं जुनं मी कधी पाहिलंच नाही.”

‘जुनं’ हा शब्द थोरलीला सुईसारखा टोचला. “बघून बघून येतं,” ती म्हणाली, आणि खुर्ची अशी सरकवली की स्क्रीन तिच्या पाठीआड पुरता झाकला गेला.

दोन वर्षं ती खुर्ची तशीच राहिली. मग जावयाच्या पोटातून कुरकुर ऐकू यायला लागली. मेकॅनिकनं झाकण उघडलं, फुंकर मारली आणि सांगितलं, “वहिनी, याचे पार्ट माझ्याकडेच काय, आता कुठेच मिळत नाहीत. चालतोय तोवर चालवा.” थोरलीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. धाकटीनं मात्र नीट ऐकलं. “आतलं सगळं मी एकदा उतरवून ठेवते,” ती जेवताना म्हणाली. थोरलीच्या नवऱ्यानं लगेच मान डोलावली. थोरलीला वाटलं, असेल काही कुलपाची दुसरी किल्ली करून ठेवण्यासारखं. किल्ली पडून राहील कपाटात, आपलं काय जातंय.

आणि एका दुपारी धाकटी चहाला लॅपटॉप घेऊन आली. टेबलावर उघडला. स्क्रीनच्या मधोमध एक काळी चौकट उघडली आणि चौकटीत पांढरी अक्षरं. तीच डिझाइनची यादी, त्याच क्रमानं. कधीकाळी थोरलीनं घाईत एका शाळेचं नाव चुकवून लिहिलं होतं, ते चुकीसकट.

“त्याला वाटतंय तो अजून आपल्या जुन्या डब्यातच आहे,” धाकटी म्हणाली. “त्याच्यासाठी आत सगळं जुनं जग जसंच्या तसं उभं केलंय. बाहेर काय चाललंय त्याचा त्याला पत्ता नाही.”

सासूबाईंनी चष्मा पुसून पाहिलं. “म्हणजे घरजावई झाला म्हणायचा. राहतो दुसऱ्याच्या घरात, आणि तोरा आपला तोच.”

सगळे हसले. थोरलीही हसली, पण सगळ्यांच्या मागून.

“तारीख नाही विचारली त्यानं?” तिनं विचारलं.

“लॅपटॉपच सांगतो त्याला, ताई. आपोआप.”

“वा,” थोरलीचा नवरा म्हणाला. “आणि खरखर नाही, काही नाही. वा.”

ते दोन ‘वा’ थोरलीनं नीट मोजून घेतले. इतकी वर्षं तो त्या खोलीत येऊन तयार बिल्ले उचलून नेत होता; त्याच्या तोंडून अर्धा ‘वा’ कधी सांडला नव्हता. त्यानंतरचे दिवस तिचे फार वाईट गेले. धाकटी पलंगावर मांडी घालून, मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप ठेवून घुबडाशी खेळताना दिसली की तिच्या मनात यायचं, आपण त्या लाकडी खुर्चीवर कंबर मोडून घेतली आणि ही बया लोळत चालवते. धाकटीनं घडी घातलेल्या चादरी तिला वाकड्या दिसायला लागल्या. धाकटीचा चहा पांचट लागायला लागला, आणि गंमत म्हणजे तो थोरलीनंच शिकवलेला होता. कुणी नसताना ती जावयाच्या अभ्र्यावरून हात फिरवायची. “तू नको घाबरू,” एकदा तर ती मोठ्यानंच म्हणाली, आणि मागे सासूबाई उभ्या आहेत हे कळल्यावर अभ्रा झटकायला लागली.

घुबडाच्या शाळेची मोठी ऑर्डर हातात होती आणि शाळा उघडायला आठवडाही राहिला नव्हता, तेव्हा जावई रुसला. सकाळी बटण दाबलं. आतून एकदा कण्हला, एकदा खाकरला आणि गप्प झाला. थोरलीनं पंखा वाढवला, पंखा बंद केला, केबल काढून पुन्हा लावली, पाठीवर थोपटलं. तारीख विचारायलासुद्धा त्यानं तोंड उघडलं नाही.

धाकटी दारात उभी होती, लॅपटॉप छातीशी धरून. “आणू का, ताई?”

“मला काय विचारतेस?” थोरली उठली. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्या खुर्चीत दुसरं कुणीतरी बसलं.

केबल लॅपटॉपला जोडली. धाकटीनं घुबड मागवलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत पुस्तकापासून डाव्या डोळ्यापर्यंत सगळं घुबड हजर. थोरलीचा हात रिळाकडे निघाला होता तो तसाच हवेत राहिला. तिला तेव्हाच कळलं.

मशीन सुरू झालं आणि सुई एकाच जागी ठकठक करत सुटली. कापडाखाली धाग्याचा गुंता झाला, धागा तुटला. दुसरा तुकडा लावला, तर घुबडाचा पंजा चोचीच्या जागी. तिसऱ्याला तर चोचच नाही. धाकटीनं केबल बदलली, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, स्क्रीनवर काय काय उघडून पाहिलं. तिच्या कानशिलावर घाम आला होता.

थोरली सासूबाईंशेजारी बसून काल भरलेल्या बिल्ल्यांच्या मागचे धागे कापत होती. काय झालंय ते तिला स्वच्छ दिसत होतं. जुना बिचारा आपल्या चालीनं एकेक टाका सांगायचा आणि मशीन एकेक टाका ऐकून घ्यायचं. हा नवा भरधाव. भडाभडा सांगून मोकळा होतो. मशीन मात्र तेच, त्या वयाचं. त्याला अर्धंच ऐकू येतं. हे एका वाक्यात सांगण्यासारखं होतं, आणि ते वाक्य थोरलीनं लिमलेटच्या गोळीसारखं गालात धरून ठेवलं. चघळायला छान लागत होतं.

“हिला काही सुचवशील की नाही?” सासूबाई कुजबुजल्या.

“मला त्या लॅपटॉपमधलं काय कळतंय?”

“लॅपटॉपमधलं कोण विचारतंय?” असं म्हणून सासूबाईंनी कात्री जरा जास्तच जोरात मिटली.

दुपार झाली. वाया गेलेल्या तुकड्यांचा ढीग पायाशी पडला होता. धाकटी उठली, डोळे पुसल्यासारखं करून तिनं फोन उचलला. “मेकॅनिकलाच बोलावते. त्याला एकदा मशीन दाखवते.”

थोरलीच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. तो मेकॅनिक आपली तेलकट पिशवी टेबलावर ठेवून त्या खुर्चीत बसलाय. चहा पितोय, कप जावयाच्या डोक्यावर ठेवतोय. कधी ना कधी त्याला उमगणार, आणि मग जन्मभर तो ज्याला त्याला सांगणार की त्यांचं घुबड मी बसवून दिलं. माझं घुबड. धाकटीनं खुर्ची घेतली ते एक वेळ घरातल्या घरात होतं. पण हा?

“फोन ठेव,” थोरली म्हणाली. “घुबड फार लवकर येतंय.”

धाकटीनं वळून पाहिलं.

“मशीनला तेवढ्या वेगानं झेपत नाही. याला हळू चालवता येतं का तुझ्याकडं?”

तिनं फोन ठेवला आणि पुन्हा खुर्चीत बसली. “येतं. चाल कमी करता येते, ताई. आकडा खाली आणायचा. पण किती खाली?”

“ते आकड्यात मला नाही सांगता येणार.” थोरली मशीनपाशी गेली आणि निळं रीळ उचललं. “मी धागा ओवते. माझा धागा सुईतून पलीकडे येईल तेव्हा डावा डोळा पुरा व्हायला हवा. चल, लाव.”

पहिल्या खेपेला थोरली रीळच हातात घेत होती आणि घुबड दोन्ही डोळ्यांनी बघत होतं. धाकटीनं आकडा खाली आणला. पुन्हा. आणखी खाली. थोरलीचा धागा कड्यांपर्यंत आला तर पंख झाले होते. जवळ येत चाललं होतं. आणि इथे थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. एकदा का आकडा सापडला की संपलं. मग कुणीही ओवा, कुणीही बटण दाबा. पुढच्या खेपेला तिनं रीळ सावकाश उचललं. धागा ओठांत धरला, काढला, बघितला, पुन्हा धरला. स्क्रीनवर डावा डोळा कधीच पुरा होऊन गेला.

“अजून हळू हवंय,” ती म्हणाली.

धाकटीनं आकड्याला हात लावला नाही. “ताई, तुमचं असं नसतं.”

“कसं?”

“तुम्ही धागा ओठांत एकदाच धरता. आणि ओवताना करंगळी वर असते. आत्ता नव्हती.”

सासूबाईंची कात्री थांबली.

“हे तू कधी पाहिलंस?” थोरलीनं विचारलं.

“दोन वर्षं दुसरं काय पाहिलं?” धाकटीचा आवाज चढला नव्हता, पण त्यात धार होती. “स्क्रीन तर तुम्ही दिसू दिला नाहीत. बाजूनं नुसते हात दिसायचे. मग हातच बघत बसायचे. इतका राग यायचा मला त्या हातांचा, काय सांगू.”

इतकी वर्षं आपल्या हातांकडे असं टक लावून कुणी पाहिलं असेल, रागानं का होईना, हे थोरलीच्या ध्यानीमनी नव्हतं. तिनं धागा सुईतून ओढून काढला. रीळ पुन्हा दांडीवर नीट बसवलं. “लाव,” ती म्हणाली.

या वेळी तिनं खरा ओवला. करंगळी आपोआप वर गेली. धागा सुईतून पलीकडे आला आणि मान न वळवता तिनं विचारलं, “झाला?”

“थोडा आधी झाला.”

“मग कर थोडं खाली.”

आणखी दोन खेपांत जमलं. मशीन सुरू झालं, आणि खोलीत तो ओळखीचा, एकसारखा आवाज भरला. पंजे पंज्यांच्या जागी, चोच चोचीच्या जागी. सासूबाईंनी पहिला बिल्ला उजेडात धरून पाहिला. “घरजावयाला वळण लागलं,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळी थोरलीचा नवरा आला. बिल्ल्यांची चळत पाहिली, लॅपटॉप पाहिला आणि त्याच्याकडेच बघून म्हणाला, “वा.”

“यंत्र माझं आहे, भाऊजी,” धाकटी म्हणाली. “चाल ताईंची आहे.”

त्याला काही कळलं नाही. थोरलीला कळलं, पण तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. जेवताना तिला वाटत राहिलं, आपली चाल त्या डब्यात गेली. आता आपण काय, नुसतं उरलेलं माणूस.

सकाळी ती उशिरानं मागच्या खोलीत गेली. मुद्दाम. दारातून तिला दिसलं, धाकटीनं घुबड लावलं होतं आणि स्वतः धागा ओवत होती. तसंच रीळ, तसंच ओठांत टोक, करंगळीसुद्धा वर. पण उजवा डोळा झाला, डावा झाला, आणि धागा अजून सुईशी चाचपडतोय. धाकटीनं जीभ चावली. पुन्हा लावलं. पुन्हा घुबड आधी आणि धागा नंतर.

थोरलीला किती बरं वाटलं म्हणून सांगू. सकाळचा चहासुद्धा इतका चांगला लागला नव्हता. ती आत आली, भिंतीकडची दुसरी खुर्ची ओढून मशीनपाशी बसली.

“ताई,” धाकटी वर न बघता म्हणाली, “माझ्यापुरती चाल जराशी कमी करून ठेवू का?”

“हात लावशील तर बघ,” थोरली म्हणाली. “घुबड आहे तिथेच राहील. तू हात तिथपर्यंत आण.” आणि तिनं निळं रीळ धाकटीच्या हातातून काढून घेतलं आणि तिला नीट दिसेल अशा बेतानं, अंमळ सावकाश, दांडीवर चढवलं.