आजीचं लुगडं ॲपनं गुलाबी केलं

मंडळी, थकलेय, पण हे आजच सांगते.

मला घरी पाटीवर अक्षरं शिकवणारी माझी आत्या औंढ्याला राहते, सध्या मी तिच्याकडेच आलेय. तिच्या आईचा, म्हणजे माझ्या आजीचा, एकच फोटो उरलाय. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशीचा. दमट हवेनं पार डागाळलेला. दुपारी मी तो जुने फोटो रंगीत करणाऱ्या ॲपमध्ये टाकला. डाग गेले. मी खुशीत घरच्या ग्रुपवर पाठवला आणि मग आत्याला दाखवला.

"लुगडं गुलाबी कसं गं?"

"ॲप अंदाजानं रंग भरतं, आत्या."

"अंदाजानं? त्या दिशी समदी पांढऱ्यात व्हती. आईनं त्यासाठी लुगडं मागून आणलं व्हतं. उद्या पोरं म्हणतील, गुलाबी नेसून गेलती!"

ग्रुपवरून लगेच काढला, पण तोवर अनेकांनी आपापल्या फोनमध्ये उतरवून घेऊन स्टेटसला लावला होता. आपण पुसलं तरी दुसऱ्याच्या फोनमधली प्रत जात नाही, हे ध्यानात ठेवा. संध्याकाळभर एकेकाला फोन करून विनवत होते. डागांचा मूळ फोटो पुन्हा पाठवला.

चुलतभाऊ म्हणाला, "राहू दे गं, गुलाबीच भारी दिसतोय."

त्याला काय सांगू?