एका बाजूचं प्लास्टिक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दुकानात रोज समोर बसून चहा पिणाऱ्या मित्रालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असलात तरी आता काय? एकच अट आहे. ऐकताना मान हलवून ‘होतं असं माणसाकडून’ म्हणायचं नाही. मला ते नकोय.

वसईला एव्हरशाईन सिटीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. राहतो विरारला, मनवेलपाड्यात. काउंटरच्या मागे मी स्वतःच्या हाताने लिहिलेली पाटी लावली आहे — ‘लॅपटॉप गादीवर, उशीवर, चादरीवर ठेवू नका.’ लोक वाचून हसतात, मग मी त्यांना भाषण देतो. अहो, त्याला खालून हवा लागते. तुम्ही त्याचं नाक गादीत दाबणार आणि वर मलाच विचारणार, तापतो का म्हणून? आत पंखा असतो, त्याच्या जाळीत धूळ नि कापूस जाऊन बसतो. आमच्याकडे तर दर दोन गल्ल्यांआड नवी बिल्डिंग उठतेय, सिमेंटची धूळ काय थोडी असते? वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्या. कडक, सपाट जागेवर ठेवा. आणि चालू लॅपटॉप बॅगेत कोंबू नका. या भाषणातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. कुणीही यावं आणि खोडून दाखवावं.

मग चुकलं कुठे? थांबा, येतो तिथे.

वसईजवळच्याच उमेळे गावची एक मुलगी आहे. हेमांगी म्हणू — खरं नाव सांगणार नाही, तेवढी लाज शिल्लक आहे. खाडीकडेची भातशेती, थोडी वाडी. बापाने उभा जन्म शेतात काढला, पोरीने मात्र बी.कॉम. केलं आणि मुंबईच्या एका कंपनीचं घरबसल्या काम मिळवलं. तीन महिने बघू, मग कायम करू, अशा बोलीवर. नात्यातल्या कुणीतरी वापरून दिलेला लॅपटॉप होता, तापायचा. पाच वर्षांपूर्वी तो घेऊन ती माझ्याकडे आली.

मी उघडला, धूळ काढली. आता हे नीट ऐका, कारण सगळं इथेच आहे. आतल्या चिपची उष्णता तांब्याच्या पट्टीकडे जायला हवी, मग पंखा ती बाहेर फेकतो. चिप आणि पट्टी यांच्यामध्ये काही ठिकाणी एक मऊ पॅड बसवतात. जुना वाळला होता, मी नवा घातला. नव्या पॅडच्या दोन्ही बाजूंना पातळ पारदर्शक प्लास्टिक असतं. दोन्ही बाजूंचं सोलायचं असतं. मी एकाच बाजूचं सोललं.

त्या दिवशी दुकानात गर्दी होती, असं सांगणार होतो — नको. गर्दी रोजच असते.

तिने नंतर दोनदा फोन केला. काका, आधीपेक्षा जास्त तापतोय. घेऊन ये, म्हणायला काय झालं होतं मला? मी म्हटलं, उन्हाळा आहे, उमेळ्यात माणसंसुद्धा तापतात. आणि हसलो. तीही हसली बिचारी.

तिसऱ्या महिन्यात, काम चालू असतानाच, तो बंद पडला. ती आणि तिचे वडील दोघेही दुकानात आले. मी आतल्या टेबलावर उघडला. बोर्ड जळला होता आणि पॅडवर ते प्लास्टिक तसंच होतं, पिवळं पडलेलं, सुरकुतलेलं. मी ते चिमट्याने काढलं. खिशात घातलं. आणि बाहेर येऊन तिला विचारलं, “गादीवर ठेवून वापरतेस ना?”

“नाही काका. टेबलावरच असतो.”

“कधीच नाही ठेवलास? एकदाही?”

खोटं बोलणारी असती तर वाचली असती. ती आठवत राहिली, मग हळूच म्हणाली, “एक-दोनदा ठेवला असेल.”

मी तिच्या बापाकडे बघून हात पसरले. बघा. पुढचं त्यांनीच केलं. “हिला मी सांगत व्हतो, नीट सांभाळ म्हनून. माजं कोन ऐकतो?” भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर. ती पाटीकडे बघत उभी राहिली. पाटी तेव्हा नव्हती म्हणा — पाटी मी दुसऱ्या दिवशी लिहिली. ती भिंतीकडेच बघत होती. बघा, मलाही आता सोयीचं तेच आठवायला लागलंय.

कंपनीने तिला पुढे ठेवलं नाही. वर्षभर ती वाडीतली भाजी घेऊन बाजारात बसली. मी तिथून जायचो तेव्हा ती नमस्कार करायची. मीही करायचो.

आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं. कुणाला? कशासाठी? पुढे तिला दुसरं काम मिळालं, चांगलं चाललंय. माझं दुकानही चांगलं चाललंय, सचोटीचा माणूस म्हणून लोक लांबून येतात. त्यानंतर मी एकही पॅड चुकीचा बसवलेला नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही आणि भरपाई म्हणूनही नाही. तसंच आहे, एवढंच.

गेल्या महिन्यात ती नवा लॅपटॉप साफ करायला घेऊन आली. सोबत एक छोटा लाकडी पाट. वडिलांनी करून दिलाय, वाडीतल्या फणसाचा. हवा खेळावी म्हणून त्याला भोकं पाडलीत. शेजारी एक बाई आपला लॅपटॉप दाखवत होत्या, माझं भाषण चालू होतं. हेमांगी मध्येच त्यांना म्हणाली, “काकांचं ऐका हं. मी रोज गादीवर घेऊन बसायचे. माझी पहिली नोकरी गेली त्याने.”

रोज. ती रोज म्हणाली.

मी स्क्रू पिळत होतो. मान वर न करता म्हटलं, “बरोबर आहे.”

तो लॅपटॉप टेबलावर असायचा. तिच्या घरात आता हे कुणालाच माहीत नाही, तिलाही नाही. मला माहीत आहे.