चारा सापडत नाही

त्या दुष्काळात मी तलवाड्याजवळच्या एका दूध सोसायटीत कॉम्प्युटरवर कामाला होते. सोसायटीनं चारा छावणी काढली होती. दावणीच्या जनावरांचे फोटो रोज तालुक्याला पाठवायचे. ते पोचले की दुसऱ्या दिवशी चाऱ्याची गाडी यायची. फोटो पाठवणारा छोटा प्रोग्राम ज्यानं लिहून दिला, तो पुण्याला गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता.

फोटोंच्या फोल्डरचं नाव नुसतं 'छावणी' होतं. चेअरमनना ते हलकं वाटलं. "सोसायटी चारा छावणी, असं पायजे," म्हणाले. मी फोल्डरचं नाव बदललं. प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत त्याचा पत्ता एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे एका छोट्या नावाखाली, ठेवलेला होता, तिथंही नवं नाव टाईप केलं.

प्रोग्राम अडला. 'चारा' नावाची कमांड सापडत नाही, असं स्क्रीनवर आलं. मी पुन्हा चालवला, पुन्हा तेच.

"जुनंच नाव ठेवू का?" मी चेअरमनना विचारलं.

"तालुक्याला नवं कळवलंय. आता न्हाई."

रेंजसाठी गच्चीवर जाऊन माजलगावच्या मैत्रिणीला फोन लावला. ती कॉम्प्युटर शिकवायची. "स्पेस आली की त्याला वाटतं, नाव संपलं. सगळा पत्ता अवतरणचिन्हात घाल," एवढं बोलली आणि फोन कटला. घातला. आता प्रोग्राम एका फोल्डरऐवजी तीन वेगळ्या गोष्टी शोधू लागला आणि एकही सापडेना. तोवर तालुक्याचं ऑफिस बंद झालं.

सकाळी गाडी आली नाही. एक म्हातारी मावशी खिडकीशी आली. तिची एकच गाय होती.

"कावून गं पोरी, गाडी न्हाई आली?"

"मशीन बंद हाय, मावशी."

"मग चालू कर की," ती म्हणाली. रागानं नाही. मी चालू करू शकते, असंच तिला वाटत होतं. मला खाली बघावं लागलं.

दुपारी मैत्रिणीला फोन पुन्हा लागला. "पत्ता ठेवताना चिन्हं दिलीस, वापरताना दिलीस का? खाली जिथं डॉलरचं चिन्ह लावून ते नाव आलंय, तिथंही दे." दिली. फोटो गेले. गाडी दुसऱ्या दिवशी आली.

मावशी त्याआधीच गाय घेऊन लेकीकडं चालत निघून गेली होती. तिकडं धरणाखाली जनावरांना उसाचं वाढं, उसाचे हिरवे शेंडे, मिळतं, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. खरंच मिळालं का, ते विचारायला तिच्याकडं फोन नव्हता.